गडग्याशी विझणारा कंदील

मोहोराचा वास आजवर कुणाला अपमानासारखा लागला असेल असं मला वाटत नाही. मला लागला. मार्गशीर्षातली सकाळ होती. अंगणातल्या जांभ्या चिऱ्यांवर दंव पडून ते काळवंडले होते, न्हाणीच्या चुलीचा धूर वर जायचा कंटाळा करून कौलांखालीच लोंबकळत होता, आणि त्या धुराला कोपराने बाजूला सारत तो वास आला. शेजारच्या रुकय्याभाभीच्या हापूसची एक फांदी मधल्या दगडी गडग्यावरून आमच्या अंगणात डोकावते, तिथून. गोडसर, जरासा तुरट, शेजारच्या खोलीत कुणी मधाच्या बरणीचं झाकण उघडावं तसा. दरवर्षी या वासाने मी हातातलं काम टाकून उभी राहायचे. यंदा मी कंबरेवर हात ठेवून त्या फांदीला मोठ्याने विचारलं, "लाज नाही वाटत?"

फांदीला वाटली नाही. झाडं दुखवटा पाळत नाहीत. गडग्यापलीकडून मात्र आवाज आला, "कोणाला बोलतेस गो सकाळी सकाळी?"

"तुझ्या झाडाला."

"बोल, बोल. फवारणीवाला त्याला रोज शिव्या घालतो. सवय आहे त्याला."

मी मीना. माझा धंदा कपडेपटाचा, म्हणजे शाळांच्या स्नेहसंमेलनांना भाड्याने पोशाख देण्याचा, आणि संमेलनं ऐन थंडीत होत असल्यामुळे साऱ्या जगाला हुडहुडी भरते तेव्हा माझ्या ओटीवर दरबार भरलेला असतो. जिरेटोप, दाढ्या, कापूस भरलेल्या गदा, देवरूखच्या शाळेला निघालेले मावळे, गुहागरहून वाळू घेऊन परत आलेले वाघ, आणि कोपऱ्यातल्या दोरीवर, धुऊन वाळत घातल्यासारखे, देवदूतांचे पंख. अशा घरात माणसाने गंभीर राहायचं म्हटलं तरी कठीण. मी कधी राहिलेही नाही. आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत, सहलीला असो की लग्नाला, एखादी गोष्ट रंगवून, सगळ्यांचे आवाज काढून सांगायची झाली की लोक माझ्याकडे वळून बसतात, आणि मीही, खोटं कशाला बोलू, ते वळून बसेपर्यंत पाणी पीत थांबते.

माझा नवरा मनोहर एस.टी.चा चालक होता, दापोलीच्या गाडीवर. लांबच्या शाळांचे पोशाख पोचवायचे झाले की कधी कधी तोच नेई, आणि वाघाचं मुंडकं चुरगळू नये म्हणून ते स्वतःच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर ठेवी. घाटात समोरून येणाऱ्या गाड्यांना एक चालक आणि एक वाघ असे दोघं गंभीरपणे रस्त्याकडे बघत येताना दिसत. तो फार बोलत नसे. माझ्या वाटणीची शांतता त्याने घेतली होती आणि त्याच्या वाटणीची बडबड मी. मी एखाद्या गोष्टीवर अडून बसले की तो एवढंच म्हणे, "सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही," आणि बाहेर जाऊन झावळ्या सोलत बसे.

श्रावणातल्या एका दुपारी तो जेवून उठला, हात धुवायला न्हाणीकडे गेला आणि चुलीजवळच्या पाटावर टेकला, तो टेकलेलाच राहिला. हाताला लागलेलं पाणीसुद्धा पुसायचं राहिलं होतं. बाहेर पाऊस असा धो धो कोसळत होता की मी मारलेली हाक माझी मलाच ऐकू आली नाही.

त्यानंतर लोक आले. चांगली माणसं, डबे घेऊन येणारी, रात्र रात्र बसणारी. आणि त्या चांगल्या माणसांचा मला इतका राग आला, इतका राग आला, की आजही तो आठवून माझे कान तापतात. प्रत्येकाच्या खिशात एक वाक्य होतं. तो सुखाच्या जागी आहे. वेळ हेच औषध. निदान हाल झाले नाहीत. आमचे पाळकसाहेब वयाने तरुण आहेत, नगरकडचे आहेत, आणि त्यांचा चेहरा असा आहे की त्यांच्यावर रागावलं तर आपल्यालाच वाईट वाटावं. ते माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "मीनाताई, देवाची काहीतरी योजना असेल." मी म्हटलं, "मग नकाशा दाखवा. नगरपालिकासुद्धा गटार खणायच्या आधी दाखवते." बिचारे गप्प झाले. मला त्या गप्प होण्याचाही राग आला.

रागाचं एक बरं असतं, तो घर भरून टाकतो. दुःख माणसाला कोपऱ्यात बसवतं. राग मात्र भांडी घासतो, जिरेटोपाचे सुटलेले मणी शिवतो, पोशाख मळवून आणणाऱ्या शाळांना फोनवरून झोडपतो. श्रावणापासून मी प्रार्थना बंद केली. संध्याकाळी जेवणाच्या मेजावर आम्ही दोघं एक मेणबत्ती लावायचो, शुभवर्तमानातला एक उतारा तो वाचायचा, मग मी प्रार्थना करायचे आणि तो "आमेन" म्हणायचा. ती मेणबत्तीही मी बंद केली. बटणाचा उजेड चालेल, काडीचा नको. घरात आता आग होती ती फक्त गॅसची आणि न्हाणीतल्या चुलीची.

त्या चुलीचं मात्र वेगळं होतं. पावसाळ्याआधी मनोहर न्हाणीच्या भिंतीला लागून सोडणं रचून ठेवी. नारळाची सुकलेली सालं, एकावर एक, अशी चापून की ढिगाला हात लावला तर भिंत वाटावी. रोज सकाळी हंड्याखाली जे जळत होतं ते त्याच्या हातचं रचलेलं होतं. ढीग उतरत चालला होता आणि मी थंडीतसुद्धा कोमट पाण्यावर भागवू लागले होते. आणि त्या ढिगाच्या वर, खुंटीला, एक चूड टांगलेली होती. सुक्या झावळीच्या पात्यांची जुडी, सुंभाने आवळून बांधलेली. पावसाच्या दिवसांत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडायला जाताना मशालीसारखी पेटवून न्यायची. दरवर्षी तो अशा चुडी बांधी. त्यातली ही एकच उरली होती. तिची गाठ त्याची होती. मला ती गाठ येत नाही. ही चूड मी कधीही पेटवणार नव्हते.

आता आमच्या मंडळीची रीत सांगते, म्हणजे माझा राग नेमका कशावर येऊन टेकला ते कळेल.

नाताळच्या आदल्या दिवशी, सूर्य समुद्रात बुडाला की मंडळी गाणी गात घरोघर निघते. पुढे एक चौकोनी पितळी कंदील, आत जाडजूड मेणबत्ती. मागे ढोलकी, ती दरवर्षी मनोहरच्या गळ्यात असायची, मग झांजा, मुलं, करंज्यांनी फुगलेल्या पिशव्या. शेवटचं घर मात्र ठरलेलं असतं. त्या वर्षात ज्या घरचं माणूस गेलं, ते घर. त्या घराच्या गडग्याशी आलं की कंदील फुंकर मारून विझवायचा, गाणं थांबवायचं आणि अंगणात अंधारात नुसतं उभं राहायचं. हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही. घरातलं कुणीतरी आतून विस्तव घेऊन बाहेर येतं, कंदील पेटवतं आणि गाण्याची पहिली ओळ त्यानेच म्हणायची. मग बाकीचे सूर मिळवतात. तोच कंदील तसाच देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, न्यायचा आणि रात्रीच्या उपासनेतल्या सगळ्या मेणबत्त्या त्यावरून लावायच्या. काडेपेटी कुणी बरोबर घेत नाही. आमच्याकडच्या नाताळचा उजेड दरवर्षी त्या वर्षीच्या सगळ्यात अंधाऱ्या घरातून येतो. ही रीत कुणी घातली कोण जाणे, पण ती घालणारा माणूस एक तर फार मोठा भक्त असावा किंवा फार निर्दय.

दुसऱ्यांच्या अंगणात उभी असताना मला ती किती सुंदर वाटायची! अंधारात दाराची कडी वाजली की माझ्या अंगावर काटा यायचा. कुणी सून, कुणी म्हातारा बाप हाताच्या आडोशाने ज्योत आणायचा, आणि मी रुमालाने डोळे टिपत मनात म्हणायचे, काय प्रसंग आहे! आता तो प्रसंग माझ्या दाराशी येणार होता. ज्याच्या घरचा दिवा विझला त्याच्याच दारात जाऊन दिवा मागायचा? भिकाऱ्याच्या झोळीत हात घालावा तसा? आणि वर त्याने गायचं?

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात पाळकसाहेब अंदाज घ्यायला आले. जिरेटोपांच्या राशीत जागा करून बसले. मी चहा दिला आणि सांगितलं, "माझ्या दारात दिवा मागायला आलात तर हंड्यातलं कढत पाणी ओतीन." त्यांनी माझ्याकडे बघितलं, कपाकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "तुमचं मन मोडून काही करणार नाही, ताई."

बायका करंज्या करायला बोलवायला आल्या, मी गेले नाही. ते कळल्यावर रुकय्याभाभी गडग्याशी येऊन उभी राहिली. ईदला तिच्याकडून शिरखुर्मा यायचा आणि नाताळला माझ्याकडून करंज्या जायच्या, हा व्यवहार मी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासूनचा. "करंज्या नाहीत?" ती म्हणाली. "मनोहर गेला, मान्य. मलाही वाईट वाटलं, मीही रडले. पण मग आम्ही काय खायचं गो?" तिच्या तोंडावर हसू नव्हतं. तीही चिडली होती, खरोखरची. आणि साऱ्या महिन्यात तिचं तेवढंच बोलणं माझ्या मनाला लागलं नाही.

दिवस आखूड होत गेले. किनाऱ्यावरची संध्याकाळ तशी मोठी देखणी असते, पण त्या दिवसांत ती मला घाईने आवरलेल्या दुकानासारखी दिसे. सूर्य खाली, फळी वर, काळोख. खाडीकडून खारट, थंडगार वारा यायचा. कुठल्यातरी शाळेत माझेच मावळे तलवारी परजत असायचे आणि मी अंधाऱ्या घरात त्यांच्या परतीची वाट बघत बसायचे. देवाशी मी बोलत नव्हते. म्हणजे मला तसं वाटत होतं. खरं तर भांडी घासताना, सुई ओवताना, उशीवर डोकं टेकताना मी अखंड त्याच्याशीच भांडत होते. तू असं का केलंस? एवढ्या पावसात का? मला हाक तरी ऐकू येऊ द्यायची होतीस.

नाताळची आदली संध्याकाळ आली. अंधार पडू लागताच मी दिवे घालवले. घरात कुणी नाही असं भासवायचं, असा माझा नाटकी बेत. पण एक काम राहिलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात मुलं देवदूत होणार होती आणि एका पंखाचा पट्टा निसटला होता. देवावर राग असला तरी गिऱ्हाइकाचा पंख वेळेवर द्यायचा असतो. रुकय्याभाभीच्या पडवीतल्या दिव्याची एक तिरीप माझ्या खिडकीतून आत येते, तेवढ्या उजेडात मी नवा इलॅस्टिकचा पट्टा शिवला आणि ताण बघायला पंख माझ्याच खांद्यावर चढवला. दुसरा पंख शिवणयंत्राखाली पडलेला होता. एवढ्यात लांबून गाणं ऐकू आलं.

ते चढ चढून येत होतं. झांजा, मुलांचे चिरके आवाज, मधूनच कुणाचं हसणं. आमच्या घरावरूनच देवळाचा रस्ता जातो, दुसरी वाट नाही. वळणाशी आल्यावर गाणं एकदम तोडल्यासारखं थांबलं. मी खिडकीच्या गजांना नाक लावलं. आणि मग मी जे पाहिलं ते आता सांगताना मला हसू येतं, तेव्हा आलं नाही. अख्खी मंडळी चवड्यांवर चालत होती. जाड्या बायका साड्या वर धरून, पुरुष खोकला दाबून, मुलांच्या तोंडावर हात ठेवून. पाळकसाहेबांच्या गळ्यात मनोहरची ढोलकी होती आणि चुकून वाजू नये म्हणून तिच्यावर टॉवेल गुंडाळला होता. चोरीला निघालेली एवढी मोठी टोळी रत्नागिरीने कधी पाहिली नसेल. ते माझं घर टाळून पुढे जात होते. मला त्रास होऊ नये म्हणून.

सगळ्यात पुढे फिलिपकाका होते, हातात कंदील घेऊन. हे निवृत्त पोस्टमन. अनेक वर्षं कंदील त्यांच्याच हातात असतो. पुढे जायचं हे त्यांच्या डोक्याला ठाऊक होतं, पायांना नव्हतं. माझ्या गडग्याशी येताच पाय थांबले, मान वाकली आणि अंगवळणी पडलेली फुंकर बाहेर पडली. फू!

काळोख.

"काका, विझवलात कशाला?" कुणीतरी कुजबुजलं.

"अरे, झालं खरं. सवय."

"आता? काडेपेटी?"

"काडेपेटी कधी आणली होती आपण?"

त्या अंधारात सगळेजण उभे राहिले, टोळी पकडली गेल्यासारखे. मग चट् असा आवाज आला. पुन्हा चट्, चट्. कुणाच्या तरी खिशात सिगारेटचा लायटर निघाला होता, आणि खाडीवरचं वारं काही त्याला पेटू देईना. लायटरने! आमच्या नाताळचा कंदील, लायटरने!

"काय रे, काय लावताय तिथे?" पडवीतून रुकय्याभाभी गरजली. "मीना घरात आहे. काळोख करून बसली आहे. हाक मारा की!"

"नको, भाभी," पाळकसाहेबांचा दबलेला आवाज. "त्यांना त्रास नको."

त्रास! तो शब्द माझ्या कानात ठिणगीसारखा पडला. मी कशी उठले, मागच्या दाराने न्हाणीत कशी शिरले, मला सांगता येणार नाही. चुलीत संध्याकाळचे निखारे होते. हाताला जे लागलं ते मी खुंटीवरून ओढलं, निखाऱ्यांत खुपसलं आणि फुंकलं. सुकी झावळ ती, भडकन पेटली. न्हाणीची भिंत, हंडा, उतरलेला ढीग, सगळं एकदम लाल झालं. आणि मी घराला वळसा घालून अंगणात आले, हातात ज्वाळा, केस सुटलेले, एका खांद्यावर पंख.

मंडळी दोन पावलं मागे सरली. एक मूल रडायला लागलं. फिलिपकाका ओरडले, "गो मीना, पंख! पंख पेटेल!"

"पेटू दे!" मी म्हटलं. "कुणाला विचारून पुढे चालला होतात?"

"ताई, तुम्हीच म्हणालात..." पाळकसाहेब ढोलकीमागे लपत म्हणाले.

"म्हणाले! चिडले होते, म्हणून म्हणाले! माणूस चिडलं की त्याचं घर रस्त्यावरून पुसून टाकायचं? तो मेला, मी मेले नाही. हे घर अजून मंडळीतलं आहे. माझ्या दारावरून चोरासारखे जाता, आणि तेही लायटर घेऊन?"

गडग्यापलीकडून फक्त रुकय्याभाभी म्हणाली, "बरं झालं."

मी कंदिलाचं दार उघडलं आणि चूड आत घातली. अर्धी मेणबत्ती जागीच वितळून गेली, पण वात पेटली. काकांनी दार लावलं. त्यांच्या हाताचे केस होरपळले असणार, तसा वास आला, पण ते हलले नाहीत. आणि मग सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले, कारण रीत तिथे संपत नाही. पहिली ओळ उरली होती.

इतक्या लोकांनी माझ्या तोंडाकडे डोळे लावले की मला दुसऱ्या कशाची गरज नसते, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल. आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना. कंदील पेटवायला राग पुरला होता, गाण्याला तो पुरेना. रागाने ओरडता येतं, गाता येत नाही. गायला श्वास आत घ्यावा लागतो, आणि श्रावणापासून मी तो आत घेतलाच नव्हता, नुसता बाहेर फेकत आले होते. बाळाच्या जन्माचं गाणं, कुणीतरी आमच्यासाठी अंधारात उतरून आलं असं सांगणारं. ते मी म्हणायचं म्हणजे तसं म्हणायचं, नाटक नव्हे. खरं मानून म्हणायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला प्रेक्षकांची भीती वाटली. आणि त्या प्रेक्षकांत एक असा होता की ज्याच्याशी मी चार महिने भांडत होते आणि ज्याने एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं.

हाताला चटका बसला म्हणून मी खाली पाहिलं. ज्वाळा मुठीपाशी आली होती. ती सुंभाच्या गाठीला लागत होती. त्याच्या गाठीला. तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं की मी काय पेटवून आणलं आहे.

फुंकून विझवता आली असती. अजून वेळ होता. मी गाठीकडे पाहिलं, गाठीतून बारीकशी पिवळी जीभ वर आली, मी ओरडण्यासाठी तोंड उघडलं, श्वास आत गेला, आणि बाहेर आली ती गाण्याची पहिली ओळ. फाटक्या आवाजात, भलत्याच खालच्या पट्टीत. ती मनोहरची पट्टी होती. त्या पट्टीत मी कधीच गात नसे, तो गुणगुणायचा तिथे.

चूड माझ्या हातून चिऱ्यांवर पडली. क्षणभर मी एकटीच गात होते. मग काकांचा खरखरीत सूर आला, मग बायकांचा, मग सगळ्यांचा. पाळकसाहेबांनी ढोलकीवरचा टॉवेल घाईघाईने ओढून काढला आणि ती वाजवायला लागले, आणि इतकी वाईट वाजवायला लागले की मला गाणं मध्येच तोडून सांगावं लागलं, "पाळकसाहेब, ताल ओढत नेऊ नका, चढण आहे समजा!" कारण मनोहरचा ठेका घाटात गाडी काढल्यासारखा असायचा, जरासा पुढे, पण दम राखून. पाळकसाहेब म्हणाले, "नगरला चढण नसते, ताई," आणि कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग अंगणभर हसणं झालं, आणि त्या हसण्यातूनच पुढचं कडवं सुरू झालं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मी हसतही होते, आणि माझा राग जागच्या जागी होता. तो कुठेही गेला नव्हता. फक्त आता तो चालू लागला होता.

देवळात मी शेवटच्या बाकावर बसले. पंख मी काढला होता. कडेला थोडा करपला होता. कंदिलावरून पहिली मेणबत्ती लागली, तिच्यावरून दुसरी, बाकामागून बाक उजळत आले, आणि शेवटी एका लहान मुलीने वळून माझी मेणबत्ती लावली. माझ्या चुलीतला विस्तव सगळ्यांच्या हातांतून फिरून माझ्याकडे परत आला, तेव्हा तो माझा राहिला नव्हता. पाळकसाहेब धैर्याबद्दल बोलत होते. भिऊ नका असं दूताने मेंढपाळांना सांगितलं, असं काहीतरी. माझं लक्ष नव्हतं. मी बऱ्याच दिवसांनी डोळे मिटले होते आणि मनात म्हणत होते, प्रभू, तुझं माझं अजून मिटलेलं नाही. उद्या सकाळी पुन्हा बोलू.

आणि एवढं म्हटल्यावर मला जाणवलं की जो घरात नसतो त्याच्याशी कुणी रोज सकाळी भांडत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी खराटा घेऊन अंगणात आले. चिऱ्यांवर दंव होतं, सोबत कालच्या चपलांचे ठसे, करंजीचे तुकडे, ते वेचणाऱ्या मुंग्या. आणि पायरीच्या खाली, चूड पडली होती तिथे, झावळीची राख वाऱ्याने पांगली होती. पण पायरीच्या आडोशाला सुंभ होता तसा जळला होता. पांढरट, हलका, फुंकरेने उडेल असा. आणि त्यात गाठ होती. वेढे होते. एकेक पीळ दिसत होता. त्याच्या बोटांनी जसा घातला होता तसाच.

मी खराटा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"अंगण झाडलं नाहीस गो अजून?" गडग्यापलीकडून आवाज आला. "नाताळ आहे ना आज तुझा?"

"आहे."

"मग?"

"करंज्या देते थोड्या वेळाने. दुसऱ्यांनी केलेल्या आहेत, नावं ठेवू नकोस."

"ठेवणार," रुकय्याभाभी म्हणाली आणि आत गेली.

ऊन अजून गडग्याच्या पलीकडेच होतं. वरच्या फांदीवरून मोहोराचा वास आला, कालच्यापेक्षा थोडा अधिक दाट. या वेळी मी त्याला काही बोलले नाही. येत्या पावसाआधी कुणाकडून तरी ती गाठ शिकून घ्यावी लागेल, एवढाच विचार मनात येऊन गेला. फिलिपकाकांना येत असेल, किंवा कुणाला येत नसेल. मी खराटा भिंतीला टेकवला, त्या राखेला वळसा घातला आणि न्हाणीकडे गेले. पाणी तापवायचं होतं.